लेबलवरचा नंबर बाजूला ठेवा, टेप हातात घ्या

कोथरूडला माझं अल्टरेशनचं दुकान आहे. माझ्याकडे येणाऱ्या पँटींपैकी बऱ्याच कोऱ्या असतात, लेबलसुद्धा काढलेलं नसतं. "ताई, मी कायम 34 च घेतो, मग ही अशी कशी?" हा प्रश्न रोजचा आहे. टेप लावली की एक 34 कमरेत 34 भरते, दुसरी 36, आणि एखादी 37. छापलेला आकडा तिन्हींवर तोच. कॉलेजातली मुलं तर स्वतःच्या अंगालाच दोष द्यायला लागतात, पोट सुटलं म्हणून खट्टू होतात. ते बघून मला फार वाईट वाटतं. त्यांना मी आधी हेच सांगते की बाळा, तुझी कंबर तीच आहे, कंपनी बदलली. दुकानात गर्दी असली की सगळं समजावून सांगणं होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पँटवरचा 34 हा कमरेच्या पट्टीवर टेप लावून मिळालेला आकडा असेलच असं नाही. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून काही कंपन्या लेबलवर लहान आकडा घालून कंबर मोठी ठेवतात. शिवाय हल्लीच्या पँटी बेंबीपाशी बसत नाहीत, चांगल्या चार बोटं खाली बसतात, आणि तिथला घेर वेगळा असतो. शर्टाचा घोळ आणखी निराळा. शिंपी 40 म्हणतो तेव्हा त्याच्या मनात छातीचे इंच असतात. ब्रँडेड फॉर्मल शर्टावरचे 39, 40, 42 हे आकडे मात्र बहुतेकदा कॉलरचे सेंटिमीटर असतात. 40 ची कॉलर म्हणजे पावणेसोळा इंच, 42 ची साडेसोळा. कॅम्पात फॅशन स्ट्रीटला एखाद्या कोटावर युरोपी 50 लिहिलेलं दिसलं तर तो आपल्याकडचा 40 छातीचा कोट समजा. कोटाच्या युरोपी आकड्यातून दहा वजा करायचे.

एकाच कंपनीच्या, एकाच नंबरच्या दोन पँटींतही फरक पडतो. कारखान्यात कापडाचे कितीतरी थर एकावर एक रचून एकदम कापतात. थर जरा सरकला, शिवताना प्रत्येक शिवणीत दोरा-दोरा कमी-जास्त गेला, की शेवटी कमरेत अर्धा इंच सहज हलतो. म्हणून एक पीस घट्ट वाटला तर लगेच वरचा नंबर मागू नका. त्याच नंबरचा दुसरा पीस मागा, शक्यतो दुसऱ्या रंगातला. गडद रंगाचा आणि फिक्या रंगाचा माल वेगवेगळ्या लॉटमधला असू शकतो.

भारतीय अंगाची मापं घेऊन आपला साइझ चार्ट बनवायचं काम निफ्ट या सरकारी फॅशन शिक्षणसंस्थेने 'इंडियासाइझ' नावाने हाती घेतलं. मुंबईसह सहा शहरांत 25,000 लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची अशी ती योजना. काम अगदी गरजेचं आहे. पण लक्ष्मी रोडच्या दुकानात आज तुमच्यापुढे जी पँट ठेवतात, तिच्यासाठी तुमच्या खिशात टेपच लागेल.

आता मूळ काम. कपाटातला सगळ्यात चांगला बसणारा एक शर्ट आणि एक पँट काढा. अंगाचं माप घेऊ नका, कपड्याचं घ्या. अंगाच्या मापात सैलपणा किती धरायचा हे शिंप्याला कळतं, घरी ते जमत नाही. आम्हीसुद्धा गिऱ्हाइकाला म्हणतो, मापाला जुना शर्ट आणा.

शर्टाची सगळी बटणं लावा, टेबलावर पसरा, हाताने सपाट करा, ताणू नका. बगलेच्या शिवणीखाली एक इंच सोडून या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा, ही छाती. पाठीमागून एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्यापर्यंत, हा शोल्डर. खांद्याच्या शिवणीपासून कफच्या टोकापर्यंत बाही. मागे कॉलरच्या बुडापासून खालपर्यंत उंची. पँटचं बटण लावून पट्टीच्या पुढच्या-मागच्या कडा जुळवा, आडवं मोजा, दुप्पट करा. मग दोन्ही पायांच्या शिवणी मिळतात तिथून समोरच्या पट्टीच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. याला आम्ही आसन म्हणतो, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच मापाकडे होतं. कंबर बरोबर असून पँट बसताना काचते, ती आसन कमी असल्यामुळे. त्याच सांध्यापाशी आडवी मांडी मोजा, आतल्या शिवणीने लांबी आणि शेवटी बॉटम, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाची रुंदी. हे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा, टेप बॅगेत टाका. ट्रायल रूम नसते तिथेही या आकड्यांवर पँट घेता येते.

ट्रायल रूम असेल तर नुसतं आरशासमोर उभं राहू नका. पँट घालून खाली बसा, एक पाय पायरी चढल्यासारखा उचला, खिशात मोबाइल घाला. उभं असताना बाजूचे खिसे फाकत असतील तर पँट सीटमध्ये, म्हणजे बसायच्या भागात, कमी आहे, मग कंबर कितीही छान बसो. शर्ट घालून दोन्ही हात पुढे घ्या, जणू स्कूटरचं हँडल धरलंय. पाठीत ओढलं गेलं किंवा छातीवरचं बटण ताणलं तर वरचं माप घ्या.

कुठला दोष चालेल आणि कुठला नाही, हे मी दुकानातल्या अनुभवावरून सांगते. पँटची लांबी कमी करणं सोपं. कमरेत दीड-दोन इंच कमी करता येतात, त्याहून जास्त केलं की मागचे खिसे एकमेकांजवळ येतात. वाढवायचं असेल तर आत माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जास्तीचं कापड, पाहिजे. फॉर्मल पँट उलटी करून मागची मधली शिवण बघा, बहुतेक वेळा तिथे इंचभर कापड सोडलेलं असतं. जीन्समध्ये ते नसतं, शिवण दुमडून दोन टिपा मारलेल्या असतात. आसन वाढत नाही. मांडी वाढत नाही. शर्ट कडेने आत घेता येतो, बाही कफ उसवून कमी करता येते, पण खांदा उतरलेला असेल तर तो शर्ट घेऊच नका. खांदा करायचा म्हणजे बाही, बगल, सगळं उसवायचं. त्या मजुरीत आणखी थोडे घालून दुसरा शर्ट येईल, आणि मी हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते. म्हणून शर्ट खांद्यावर घ्या, पँट सीट आणि मांडीवर घ्या. बाकीचं आमच्यावर सोडा. सुती कपडा मात्र एकदा धुऊनच आणा. कोरा कुर्ता आधी छोटा केला आणि मग आटला, तर तो लांब करायला माझ्याकडे काही उपाय राहत नाही.

ऑनलाइन घेताना तक्त्याच्या वर काय लिहिलंय ते आधी वाचा. तो तक्ता अंगाच्या मापांचा आहे की कपड्याच्या? छाती 40 ही अंगाची असेल तर शर्ट 43-44 भरेल. कपड्याची असेल तर 40 च भरेल आणि अंगाला चिकटेल. तुम्ही लिहून ठेवलेले आकडे फक्त कपड्याच्या तक्त्याशी जुळवा.

बुटांचं शिवणकामासारखं नाही, तिथे अल्टरेशन नसतं, म्हणून आधीच जास्त काळजी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी यूके नंबर चालतो. यूकेचा एक नंबर म्हणजे लांबीत इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपी एक नंबर म्हणजे पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही मोजपट्ट्या मुळातच जुळत नाहीत, म्हणून यूके 8 च्या शेजारी कुठे 42 छापतात, कुठे 42.5. पुरुषांच्या बुटांत अमेरिकी नंबर यूकेपेक्षा अर्धा ते एक जास्त असतो. बॉक्सवर नुसता 9 दिसला तर कोणता 9, ते विचाराच.

पाय संध्याकाळी मोजा, दिवसभराच्या चालण्याने तो थोडा फुगलेला असतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा, बसून मोजू नका. सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा, काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. रुंदीही चवड्यापाशी मोजा.

आमच्या ह्यांचा पाय पुढून पसरट आहे. रुंदी मिळावी म्हणून दुकानदार एक नंबर मोठा बूट द्यायचे आणि मग टाच मागे उचलली जायची. असे पाय आपल्याकडे पुष्कळ. चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेने एक लाखाहून जास्त भारतीयांचे पाय स्कॅन केले, त्यातही आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद निघाले, आणि 'भ' नावाची भारतीय नंबरांची पद्धत त्यातूनच सुचवली गेली. पाय रुंद असेल तर नंबर वाढवू नका, रुंद फिटिंग मागा. ती 'वाइड', 'ई' किंवा 'डबल ई' अशी लिहिलेली असते. चामड्याचा बूट वापराने रुंदीला थोडा सैल होतो, लांबीला होत नाही.

स्पोर्ट्स शूजमधली आतली गादी निघत असेल तर ती बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे, आणि पाय कडेने गादीबाहेर सांडता कामा नये. सिंहगड-राजगड करणाऱ्यांनी ही जागा जरूर सोडावी, नाहीतर उतारावर नख बुटाला आपटून काळं पडतं. माझा मुलगा आता दुकानात आधी गादीच काढायला सांगतो. ट्रेकचे मोजे घालूनच बूट घालून बघा, आणि घरी आणल्यावर दोन-तीन संध्याकाळी फक्त स्वच्छ फरशीवर चाला. तळ मळला नाही, तर बिल दाखवून बदलून मागता येतो.