ब्रसेल्सचं बजेट वाचायला शिकताना

युरोपियन युनियनचा अभ्यास करायला बेल्जियमला येणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी आधी एकच सांगते: बजेटचा एकूण आकडा पाठ करू नका. मी केला होता, आणि पहिल्याच सेमिनार पेपरला अडखळले.

मी लिहिलं होतं, '2024 मध्ये युनियन 189.4 अब्ज युरो खर्च करणार.' प्राध्यापिकांनी समासात विचारलं, 'खर्च करणार, की खर्चाचा शब्द देणार?' त्या वर्षाचे आकडे दोन होते. 189.4 अब्ज ही कमिटमेंटची रक्कम, म्हणजे करार करून बांधून घ्यायची. प्रत्यक्ष चुकती करायची, पेमेंटची रक्कम 142.6 अब्ज. व्याख्या तीनदा वाचूनही डोक्यात बसेना. रविवारी घरी फोन केला तेव्हा विषय निघाला. बाबांची सगळी नोकरी पंचायत समितीच्या लेखा शाखेत गेली. ते म्हणाले, "अगं, घरकुलाचंच बघ ना. मंजुरीचा आदेश एकदाच निघतो. पैसे मात्र हप्त्याने, काम जसं वर येईल तसे. मंजूर वेगळं, वितरित वेगळं."

तिथून पुढे सगळं सुटत गेलं. पोलंडमधल्या एखाद्या रेल्वेमार्गासाठी यंदा शब्द दिला, तर त्याची बिलं पुढची काही वर्षं येत राहतात. अशा देणं बाकी असलेल्या रकमेला ब्रसेल्समध्ये सगळे 'राल' म्हणतात. हा शब्द पहिल्या आठवड्यात शिकून घ्या, चर्चेत सतत कानावर पडतो.

दुसरी अडचण अशी की आपण दिल्लीचं बजेट डोळ्यांपुढे ठेवून येतो. इथे अर्थमंत्र्यांचं भाषण नाही, आयकर नाही. जमा आणि खर्च जुळलेच पाहिजेत, असं युनियनच्या कामकाजाविषयीच्या कराराचं 310वं कलम सांगतं. पैशाचा ओघही उलटा. आपल्याकडे केंद्र कर गोळा करून राज्यांना वाटा देतं. इथे बहुतेक पैसा सदस्य देशच आपापल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात वर पाठवतात. शिवाय सीमाशुल्क असतं. न्हावाशेवाहून गेलेल्या मालावर रॉटरडॅमला शुल्क लागलं, तर नेदरलँड्स वसुलीचा खर्च म्हणून 25 टक्के ठेवून घेतं, बाकीचं युनियनकडे जातं. 2021 पासून पुनर्वापर न झालेल्या प्लास्टिक वेष्टनांच्या कचऱ्यावर किलोमागे 80 सेंटही देशांना भरावे लागतात.

वाटप कुठे ठरतं? वर्षाच्या बजेटात नाही, सात वर्षांच्या आराखड्यात. 2021 ते 2027 साठी 2018 च्या किमतींनुसार 1,074.3 अब्ज युरोंची मर्यादा ठरली, आणि त्यासाठी सगळ्या 27 देशांचं एकमत लागलं. शेती आणि मागे पडलेल्या प्रदेशांचा विकास या दोन गोष्टींनाच त्यातला साठ टक्क्यांहून जास्त वाटा आहे. प्रशासनाला सुमारे सात टक्के. वर्षाच्या वादात या चौकटीबाहेर फारसं काही हलत नाही. म्हणून आधी आराखडा वाचा, मग वर्ष.

वर्षाचं चक्र पाठ करण्यापेक्षा एक शरद ऋतू बातम्या बघत काढा. युरोपियन आयोग, म्हणजे युनियनची कार्यकारी संस्था, साधारण उन्हाळ्यात मसुदा देतो, सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद त्याला बहुधा कात्री लावते, युरोपियन संसद 42 दिवसांत त्यातलं बरंच परत घालते. जुळलं नाही तर समेट समिती बसते, 21 दिवसांसाठी. नोव्हेंबरात शेवटच्या रात्री पहाटेपर्यंत चालणाऱ्या बैठका इथे नवलाच्या नाहीत. तरीही नवीन वर्षापर्यंत बजेट झालं नाही, तर महिन्याला आधीच्या वर्षाच्या बाराव्या हिश्श्याच्या मर्यादेत खर्च चालतो. आपल्या लेखानुदानाच्या जवळची सोय आहे, फक्त ती करारातच लिहिलेली आहे. डिसेंबर 1979 मध्ये, थेट मतदानाने निवडून आलेल्या पहिल्या संसदेने पुढच्या वर्षाचं बजेट फेटाळलं, तेव्हा 1980 चे पहिले सहा महिने असेच गेले.

आता प्रत्यक्ष कामाचं. एकच ओळ निवडा आणि तिचा पाठलाग करा. मी इरॅस्मस प्लसची, म्हणजे युनियनच्या शिक्षण आणि शिष्यवृत्ती योजनेची घेतली, कारण माझी महिना 1,400 युरोंची शिष्यवृत्ती तिथूनच येत होती. छापील बजेटात प्रत्येक ओळीपुढे यंदाची तरतूद, गेल्या वर्षीची तरतूद आणि त्याआधीच्या वर्षी खरोखर झालेला खर्च, असे रकाने असतात. तिसरा रकाना सर्वांत बोलका. खाली बारीक अक्षरांत शेरे आणि कायदेशीर आधार असतो. तो टाळू नका, हा पैसा कोणाला मिळू शकतो ते तिथेच लिहिलेलं असतं. काही ओळींपुढे आकड्याऐवजी 'पी. एम.' दिसतं. पैसा नाही, पण ओळ उघडी ठेवली आहे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडची टोकन तरतूद आठवा.

नोकरीबद्दल सगळे विचारतात. युनियनच्या कायम नोकऱ्यांसाठी सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं, त्यामुळे त्या आशेवर येऊ नका. पण इथल्या स्वयंसेवी संस्था, विद्यापीठांचे प्रकल्प विभाग आणि सल्लागार कंपन्या युनियनच्या निधीवर काम करतात, आणि बजेटची ओळ वाचता येणारं माणूस त्यांना हवंच असतं. मला पहिलं काम मिळालं ते मुलाखतीत समोर ठेवलेल्या एका पानावरून. त्यांनी विचारलं, यातला कोणता आकडा आम्हाला यंदा मिळू शकतो? मी पेमेंटच्या रकान्यावर बोट ठेवलं.