मार्चआधी उरकायची कामं: डेटा सेंटरची वीज आणि पाणी

मुंबईचा पारा पुष्कळदा मे महिन्याआधी, मार्चमध्येच उसळतो. पूर्वेचे वारे रेंगाळतात, समुद्राचा वारा उशिरा येतो आणि नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरच्या चिलरना (थंड पाणी पुरवणाऱ्या यंत्रांना) धाप लागते. त्यामुळे ही कामं जानेवारीत सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवायची.

सुरुवात खरेदीने करू नका, मीटरने करा. यूपीएसच्या आउटपुटला एक मीटर हवाच. चिलर, पंप आणि पॅक युनिटांना (हॉलमध्ये थंड हवा सोडणाऱ्या मोठ्या एसींना) वेगळे. एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज, हा झाला पीयूई (पॉवर युसेज इफेक्टिव्हनेस). तो 1.6 असेल तर सर्व्हरने खाल्लेल्या प्रत्येक युनिटमागे 0.6 युनिट थंडावा, यूपीएसचा तोटा आणि दिवाबत्ती यांवर जातंय. दुपारचे आणि पहाटेचे आकडे वेगळे लिहा. सरासरीत दुपारची ओढाताण दिसत नाही.

मग थर्मामीटर घेऊन कोल्ड आइलमध्ये, म्हणजे रॅकच्या पुढच्या थंड हवेच्या गल्लीत, फिरा. रॅकच्या पुढच्या बाजूने खाली, मध्ये आणि वर अशा तीन ठिकाणी तापमान घ्या. वरचं बरंच जास्त भरलं, तर मागची गरम हवा वळसा घालून पुढे येतेय असं समजा. अशा वेळी जादा पॅक युनिट मागवण्याची घाई होते. खरं तर भोकं बुजवायची असतात. रॅकमधल्या रिकाम्या जागांना ब्लँकिंग पॅनल (झाकणपट्ट्या), केबलच्या कटआउटला ब्रश, हॉट आइलमध्ये (रॅकच्या मागच्या गरम गल्लीत) चुकून बसलेल्या जाळीच्या टाइल उचलून कोल्ड आइलमध्ये. फॉल्स फ्लोअरखालचा (उंचावर बसवलेल्या फरशीखालचा) मेलेल्या केबलींचा गुंता काढा, तो हवेची वाट अडवतो. जुन्या हॉलला पीव्हीसी पट्ट्यांचे पडदेही चालतात, मात्र स्प्रिंकलर किंवा गॅस नोझलच्या आड काही येत नाही ना, हे फायरवाल्यांकडून आधी लेखी घ्या.

हवा ताब्यात आली की पंख्यांकडे वळा. पंख्याची वीज वेगाच्या घनात बदलते: वेग 20 टक्के कमी केला की वीज जवळपास निम्मी होते. म्हणून व्हेरिएबल स्पीडची (वेग कमी-जास्त करता येणारी) पॅक युनिटं असतील तर चार पूर्ण वेगात पळवून एक स्टँडबाय ठेवण्यापेक्षा पाचही हळू चालवा. एक पॅक युनिट हवेत ओलावा सोडतंय आणि शेजारचं तोच काढतंय, असंही सापडेल. सगळ्यांची सेटिंग एकसारखी करा.

सेट पॉइंटला (यंत्रावर ठरवून दिलेल्या तापमानाला) हात यानंतरच लावायचा. अ‍ॅशरेची (ही वातानुकूलन अभियंत्यांची संस्था) शिफारस 18 ते 27 अंशांची आहे आणि ती सर्व्हरच्या तोंडाशी मोजायची, पॅककडे परतणाऱ्या हवेत नव्हे. एकेक अंश वाढवा, काही दिवस थांबा. चिलरच्या पाण्याचं तापमानही सोबत वाढवा, खरी बचत तिथे आहे. सर्व्हरचे आतले पंखे जोरात फिरू लागले की थांबा. ती वीज सर्व्हरच्या खात्यात जाते, म्हणून पीयूई सुधारलेला दिसतो आणि बिल मात्र चढतं.

पीयूईची दुसरी गंमत याच्या उलट. काहीच काम न करणारे सर्व्हर बंद केले की भागाकारातला खालचा आकडा घटतो आणि पीयूई बिघडतो, बिल कमी झालेलं असलं तरी. म्हणून अहवालात पीयूईशेजारी विजेची एकूण युनिटंही लिहा, नाहीतर चांगल्या कामाबद्दल वरून बोलणी बसतील. बंद करायच्या प्रत्येक सर्व्हरचा मालक आधी शोधा. डिस्क पुसल्याची नोंद आणि नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरची पावती एकाच फाइलला लावा.

कूलिंग टॉवर (पाण्याची वाफ करून उष्णता बाहेर टाकणारा मनोरा) असेल तर पाण्याचा हिशेबही मांडा. एक युनिट (किलोवॉट-तास) उष्णता बाष्पीभवनाने घालवायला साधारण दीड लिटर पाणी उडतं. एक मेगावॉट उष्णतेमागे दिवसाला सुमारे 36,000 लिटर, दहा हजार लिटरचे जवळपास चार टँकर. टॉवरमधून काढून टाकायचं खारट पाणी वेगळंच. पाण्याची प्रक्रिया सुधारून सायकल्स ऑफ कॉन्सन्ट्रेशन (टॉवरमधलं पाणी भरलेल्या पाण्याच्या किती पट खारट होऊ द्यायचं तो आकडा) 3 वरून 6 वर नेल्या, तर भरायचं पाणी 20 टक्क्यांनी घटतं. प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळतंय का, याची चौकशी करा. अ‍ॅडियाबॅटिक पॅड (ओल्या पॅडमधून नेऊन हवा थंड करणारी यंत्रणा) विकायला आलेल्याला मात्र किनारपट्टीच्या दमट हवेतले जून-जुलैचे आकडे मागा, नागपूरच्या मे महिन्यातले नकोत.

हॉल थोडा उबदार ठेवला तरी लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांची खोली 25 अंशांच्या आसपासच राहू द्या, उष्णतेने त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं. निम्म्याहून कमी लोडवर कण्हणारे जुने यूपीएस मॉड्यूल बंद करता येतील का पाहा, पण रिडंडन्सी (एक बिघडलं तर दुसरं तयार असण्याची सोय) मोडून नाही.

राहिले ग्राहक. कोलोकेशनच्या (ग्राहकाने आपले सर्व्हर तुमच्या हॉलमध्ये भाड्याने ठेवण्याच्या) जुन्या करारांत ‘22 अंश, कमी-जास्त 2’ असं छापलेलं असतं आणि ते बदलून घेतल्याशिवाय सेट पॉइंट हलवता येत नाही. त्यांच्या कायदा विभागाकडून उत्तर यायला सर्वांत जास्त वेळ लागतो. तेव्हा यादीत शेवटी असलं, तरी करार बदलण्याचं पत्र मीटर बसवायच्या आधी धाडा.