दिंडीच्या ट्रकवर इन्व्हर्टर जोडताय? या चुका टाळा

वारीला निघणाऱ्या ट्रकवर आता बऱ्याच ठिकाणी इन्व्हर्टर दिसतो. मुक्कामाला चार एलईडी ट्यूब, हरिपाठाला माईक आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे मोबाईल चार्जिंग, वीस-पंचवीस फोन एका वेळी लागलेले असतात. सगळं मिळून ४००-५०० वॅट सहज होतं आणि ते गाडीच्याच बॅटऱ्यांवर चालवायचं म्हणून कोणीतरी दोन वायरी आणतं आणि टर्मिनलला गुंडाळून देतं. बॅटरीच्या १२-२४ व्होल्टला शॉक बसत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, पण आग लागायला शॉक बसावा लागत नाही हो, आणि त्या ट्रकमध्ये गाद्या, ताडपत्र्या, गॅसच्या टाक्या सगळं भरलेलं असतं, रात्री खाली माणसं झोपलेली असतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढणं. मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला), म्हणजे सिस्टीम २४ ची. बाजारात १२ चा इन्व्हर्टर लगेच मिळतो मग तो आणून एका बॅटरीला लावतात आणि चालतोही, म्हणून कोणाला काही वाटत नाही. पण रात्रभर एकच बॅटरी उतरते, दुसरी भरलेली राहते, आणि सकाळी गाडी चालू झाली की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, दोघींना मिळून २८ च्या आसपास व्होल्ट देतो. त्यातले उतरलेलीच्या वाट्याला कमी येतात आणि भरलेलीवर जास्त पडतात, समजा १३ आणि १५. एक कधी पूर्ण भरतच नाही, दुसरीचं पाणी उकळून उडतं, आणि थोड्याच दिवसात दोन्ही बाद. चेक करायचं असेल तर इंजिन चालू ठेवून मल्टीमीटरने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर हाच प्रकार चालू आहे असं समजा. उपाय म्हणजे सरळ २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घ्या आणि दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून जोडा. आणि १२ चा इन्व्हर्टर चुकूनही २४ ला लावू नका, तो लगेच जळतो.

वायरीचं गणित साधं आहे, वॅट भागिले व्होल्ट. ५०० वॅटला २४ वर इन्व्हर्टरचा लॉस धरून साधारण २४ अँपिअर लागतात, तेच १२ वर ४८. पिकअप-जीपसारख्या १२ व्होल्टच्या गाडीत १००० वॅट काढायचे म्हटले तर शंभरच्या जवळ जातं, आणि तिथे लोक घरातली अडीच एमएमची वायर वापरतात! त्या लोडला ३५ स्क्वेअर एमएमची खरी तांब्याची केबल पाहिजे, तीही दीड मीटरच्या आत. वर तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असलेली स्वस्त केबल पण विकतात, टोक सोलून खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा. सिगरेट लायटरच्या सॉकेटवरून शंभर-सव्वाशे वॅटच्या पुढे जाऊ नका.

आता फ्यूज. फ्यूज इन्व्हर्टरमध्ये आहे की, असं लोक म्हणतात. तो इन्व्हर्टरसाठी आहे, केबलसाठी नाही. केबल लोखंडी बॉडीवर घासून कापली गेली तर शॉर्ट मधेच होतो आणि बॅटरी काही शे अँपिअर सोडते, म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात पाहिजे. वर सांगितलेल्या केबलला १२५ अँपिअरचा चालेल, बारीक केबल असेल तर फ्यूजही लहान. उडाला म्हणून जागी तार गुंडाळू नका. घरातला एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, तोही नको, तो एसीचा असतो, डीसीची ठिणगी त्याला नीट तोडता येत नाही.

केबलच्या टोकाला लग्स (बोल्टसाठी भोक असलेले तांब्याचे टोक) लावा आणि ते हातप्रेसने नीट क्रिंप करून, म्हणजे घट्ट दाबून घ्या, पक्कडीने दाबलेले लग्स खड्ड्यांच्या रस्त्यावर सैल होतात आणि तापतात. जोडताना आधी प्लस आणि शेवटी मायनस, काढताना आधी मायनस. प्लस-मायनस एकदा जरी उलटे लागले तरी इन्व्हर्टरचे आतले पार्ट उडू शकतात. शेवटच्या जोडाला छोटी ठिणगी पडते, ती इन्व्हर्टरचे कपॅसिटर भरताना पडते, पण चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो म्हणून शेवटचा जोड बॅटरीपासून लांब, चॅसिसवरच्या घासून चकचकीत केलेल्या बोल्टला द्या. हातातली अंगठी-कडं काढून ठेवा, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर तर कधीच काढू नका.

सकाळी गाडी सेल्फ घेत नाही ही तक्रार असेल तर वायरिंगला दोष देण्याआधी हिशोब करा. १०० एएचच्या (अँपिअर-तासाच्या) दोन बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या असल्या तरी ५०० वॅटवर दोन तासात निम्म्यावर येतात. बॅटरी उतरली म्हणून इन्व्हर्टर आपणहून बंद पडेपर्यंत (कट-ऑफ) थांबलात तर स्टार्टरसाठी काही उरत नाही, आणि सेल्फच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, रोज एवढं उतरवणं त्यांना झेपत नाही. रात्रीच्या लोडसाठी वेगळी ट्युब्युलर बॅटरी (घरच्या इन्व्हर्टरला असते तसली) ठेवणं केव्हाही चांगलं.

बॅटरी भरलेली आहे तरी लोड टाकला की इन्व्हर्टर बीप करतो? मग लोड चालू ठेवून आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा आणि लगेच इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मोजा. एक व्होल्टचा फरक आला तर तो केबलमध्ये नाहीतर एखाद्या सैल किंवा पांढरी बुरशी धरलेल्या जोडात जातोय. खायचा सोडा घातलेल्या पाण्याने टर्मिनल साफ करा, पुसून कोरडं करा, आवळा, वरून पेट्रोलियम जेली. दोन्हीकडे सारखंच खाली येत असेल तर बॅटरीच थकलीये.

आउटपुटला २३० व्होल्ट असतात, तिथे मात्र शॉक जीव घेतो. आषाढात चिखल, ओली जमीन, अनवाणी माणसं. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, उंच टांगा, इन्व्हर्टरची बॉडी चॅसिसला जोडा, आणि आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) लावायचा तर न्यूट्रल-अर्थचा जोड इन्व्हर्टरच्या मॅन्युअलप्रमाणे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, तो जोड नसेल तर नुसता आरसीसीबी ट्रिप होईलच असं नाही.