स्पेसर लावून पंप कसा घ्यावा

दम्याचे औषध नियमित घेऊनही धाप कमी होत नसेल, तर औषध बदलून मागण्याआधी ते घेण्याची रीत तपासावी. पंप दाबताना ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा फवारा बाहेर येताना दिसला, तर तेवढे औषध वाया गेले असे समजावे. हा पंप १९५६ साली अमेरिकेत बाजारात आला. त्यातून औषध इतक्या वेगाने सुटते, की बोट आणि श्वास यांचा मेळ नेमका साधला तरी बराचसा भाग घशावर आदळतो आणि फुप्फुसांत साधारण १० ते २० टक्केच पोचतो. स्पेसर नावाच्या पोकळ नळकांड्यात फवाऱ्याचा वेग मंदावतो व मेळ साधण्याची घाई उरत नाही. म्हणून धडधाकट माणसानेही तो वापरण्यात कमीपणा मानू नये.

टोपण काढून पंप चांगला हलवावा आणि स्पेसरला जोडावा. ताठ बसून श्वास सावकाश पूर्ण सोडावा, स्पेसरचे तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत, मग पंप एकदाच दाबून लगेच तोंडाने संथ, खोल श्वास घ्यावा आणि जमल्यास १० सेकंद रोखून धरावा. श्वास रोखणे जमत नसेल, तर स्पेसरमधूनच पाच-सहा साधे श्वास घ्यावेत. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटाने, पंप पुन्हा हलवून घ्यावा. दोन फवारे एकदम सोडू नयेत. कॅप्सूलमधील भुकटी ओढण्याच्या उपकरणाची रीत मात्र उलट आहे: तेथे श्वास जोरात ओढावा लागतो.

स्टिरॉइडच्या, म्हणजे सूज कमी करणाऱ्या पंपानंतर गुळण्या करून पाणी थुंकावे, नाहीतर तोंडात बुरशी येते आणि आवाज बसतो. माझी आत्या स्पेसर रोज टॉवेलने घासून लख्ख करत असे. त्या घासण्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण आतल्या भिंतीलाच चिकटतात, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आठवड्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून तो न पुसता वाळू द्यावा.

कोणता पंप कशासाठी आहे, हे डॉक्टरांकडून स्पष्ट समजून घ्यावे. केवळ साल्ब्युटामॉलसारखा तात्काळ आराम देणारा पंप श्वासनलिकेभोवतीचे स्नायू सैल करतो, पण आतली सूज तशीच राहते आणि तीव्र झटक्याचा धोका टळत नाही. म्हणूनच दम्याविषयी जागतिक मार्गदर्शन करणाऱ्या 'जिना' या संस्थेने २०१९ पासून प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना फक्त असा पंप देऊ नये, स्टिरॉइडही द्यावे, अशी शिफारस केली. पंपाची सवय लागते या भीतीने सूज कमी करणारा पंप परस्पर बंद करणारे पुष्कळ भेटतात. अशा पंपातल्या ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडच्या एका फवाऱ्यात बहुधा १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर पोटात घ्यायच्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ५,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद वेगळी असली, तरी फवाऱ्याचे औषध थेट श्वासनलिकेत जात असल्याने इतके थोडे पुरते.

पुढच्या तपासणीला जाताना पंप आणि स्पेसर पिशवीत ठेवावेत आणि एक फवारा डॉक्टरांसमोरच घेऊन दाखवावा. बोलताना एक वाक्यही पूर्ण होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न पाहता, तात्काळ आराम देणाऱ्या पंपाचे फवारे घेत घेतच रुग्णालय गाठावे.