वाचायला कंटाळणाऱ्या मुलाला घरी मराठी वाचन शिकवताना

‘वाचायला बस’ म्हटले की ज्या मुलाला लगेच तहान लागते किंवा पोट दुखायला लागते, ते मूल सहसा आळशी नसते. पाच ते सात वर्षांच्या मुलाची टाळाटाळ बहुतेक वेळा एवढेच सांगत असते की समोर ठेवलेले काम त्याच्या आवाक्यापेक्षा एक पायरी वर आहे आणि पुन्हा पुन्हा न जमण्याची त्याला धास्ती वाटते. म्हणून सुरुवात पुस्तकापासून न करता, मूल नेमके कुठे अडते आहे ते शोधण्यापासून करावी. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत मुलांचे वाचन तपासताना अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चढत्या पायऱ्या ठेवलेल्या असतात. घरीही एका कागदावर आठ-दहा अक्षरे, तितकेच सोपे शब्द आणि तीन-चार वाक्ये लिहून एकदाच, खेळीमेळीने पाहावे. जिथे मूल सहज वाचते, तिथूनच शिकवायला सुरुवात करावी. शाळेत धडा कितवा चालू आहे याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

अक्षरांतच अडणाऱ्या मुलाच्या बाबतीत खरी अडचण अनेकदा क्रमाची असते. आधी ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत मुळाक्षरे, मग सगळी बाराखडी आणि त्यानंतर शब्द, या पद्धतीत मुलाला अर्थ असलेले काहीही वाचायला मिळण्याआधी कित्येक महिने निघून जातात. आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे आणि ती रचना फार सुंदर आहे, परंतु ती ध्वनींची मांडणी आहे, वाचन शिकण्याचा क्रम नव्हे. ‘ङ’ आणि ‘ञ’ ही अक्षरे तर मुलाला रोजच्या शब्दांत जवळपास भेटतच नाहीत. बाराखडी पाठ म्हणता येणे म्हणजे वाचता येणे नव्हे, हे पालकांनी मनाशी पक्के धरावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

त्याऐवजी ब, स, घ, र, क, प ही सहाच अक्षरे घ्यावीत. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे कापून प्रत्येकावर एकेक अक्षर ठळक लिहावे. काही अक्षरे दोनदा लागतील. या सहा अक्षरांतून बस, घर, कप, रस हे शब्द होतात, आणि ‘घर बघ’, ‘बस कर’ अशी पूर्ण वाक्येही होतात. मुलाने तुकडे जुळवून शब्द करावा आणि बोट ठेवून वाचावा. लिहायला मात्र लगेच लावू नये, कारण या वयात हात डोळ्यांच्या मानाने सावकाश चालतो आणि लिहिण्याचा शीण वाचनावर निघतो. अक्षरे ओळखीची झाली की फक्त काना आणावा. काना आला की त्याच सहा अक्षरांतून बाबा, काका आणि साप तयार होतात, आणि ‘बाबा, साप बघा!’ हे वाक्य स्वतः वाचून बाबांना दचकवता येते, तेव्हा वाचनाचा उपयोग काय हे मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

‘घर’ वाचताना मूल ‘घ’ आणि ‘र’ सुटे सुटे म्हणते व त्यातून शब्द उमटत नाही, असे सुरुवातीला हमखास होते. याचे कारण असे की लिहिताना ‘र’ पूर्ण असला तरी बोलताना शेवटचा ‘अ’ आपण गाळतो. हा नियम मुलाला सांगू नये. ‘घऽर’ असे आधी लांबवून आणि मग जलद म्हणून दाखवावे, म्हणजे त्याचा कानच शब्द पकडतो. ‘चमचा’तला आणि ‘चिमणी’तला ‘च’ वेगळा का, या प्रश्नालाही हेच लागू आहे: दोन्ही उच्चार करून पाहायला सांगावे, ओळखीचा शब्द कोणता ते त्याचे त्याला कळते.

कान्यानंतर दुसरी वेलांटी घ्यावी, पहिली नव्हे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि तिचा उच्चार नंतर होतो, त्यामुळे नुकतेच डावीकडून उजवीकडे वाचायला शिकलेले मूल तिथे गोंधळते. शिवाय मराठीत शब्दाच्या शेवटी बहुधा दीर्घच लिहितात, त्यामुळे आजी, काकी, पाणी, भाजी असे घरातले शब्द दुसऱ्या वेलांटीसाठी भरपूर सापडतात. मग मात्रा, उकार आणि त्यानंतर पहिली वेलांटी असा क्रम ठेवावा. जोडाक्षरे सर्वांत शेवटी.

सारखी दिसणारी अक्षरे, म्हणजे घ आणि ध, म आणि भ, प आणि ष, ब आणि व, एकाच आठवड्यात शिकवू नयेत. एक पक्के झाल्यावरच दुसरे दाखवावे आणि तेव्हा फरकावर बोट ठेवावे: ‘घ’च्या डोक्यावरची रेघ अखंड असते, ‘ध’ची सुरुवातीला तुटलेली असते. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मराठी पाठ्यपुस्तकांत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ असतो, पण मोबाइलवर पुष्कळदा हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिसतात. मूल अडले, तर ते विसरले आहे असे समजण्याआधी त्याच्यासमोर कोणते वळण आहे ते पाहावे.

रोज दहा मिनिटे पुरतात, आणि मूल कंटाळण्याआधी थांबलेले बरे. मूल एखाद्या शब्दावर अडले, तर मनातल्या मनात पाच अंक मोजेपर्यंत गप्प राहावे, तरीही जमले नाही तर शब्द सांगून पुढे जावे. प्रत्येक शब्द फोडून म्हणायला लावले, तर वाक्याचा अर्थ वाटेतच हरवतो. ‘एक वाक्य मी, एक तू’ ही वाटणी फार उपयोगी पडते. पाहुण्यांसमोर ‘काकांना वाचून दाखव बरं’ म्हणणे आणि धाकट्या भावंडाशी तुलना करणे, या दोन्ही गोष्टी घरातल्या सर्वांनी, आजी-आजोबांनीसुद्धा, कटाक्षाने टाळाव्यात.

या सरावाबरोबर, पण त्यापासून वेगळे, रोज मुलाला गोष्ट वाचून दाखवावी आणि त्या वेळी त्याला एकही अक्षर विचारू नये. मराठीत याचे महत्त्व विशेष आहे. घरात आपण ‘घरं’, ‘सांगितलं’, ‘झाडं’ म्हणतो आणि पुस्तकात ‘घरे’, ‘सांगितले’, ‘झाडे’ छापलेले असते. ज्या मुलाच्या कानावर ही छापील भाषा कधी पडलेलीच नसते, ते अक्षरे बरोबर वाचूनही थबकते, कारण ऐकू आलेला शब्द त्याला आपला वाटत नाही. घरात मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलली जात असेल, तर हे अंतर आणखी वाढते; तेव्हा गोष्ट वाचून झाल्यावर तीच घरच्या बोलीत सांगावी, आणि मुलाने छापील ‘घरे’ला ‘घरं’ म्हटले तर ती चूक धरू नये.

साहित्यासाठी खर्चाची गरज नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीवर’वर मराठी चित्रकथा वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीतही अधूनमधून जोडाक्षरे येतात, म्हणून पुस्तक आधी स्वतः चाळावे आणि असे शब्द आपण वाचावेत. डब्यात ठेवलेली ‘डबा बघ’ अशी चिठ्ठी किंवा एसटीच्या पाटीवरचे गावाचे नाव, हेही वाचनच आहे.

इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मराठी वाचनाचे ओझे होईल अशी भीती अनेकांना वाटते. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ असल्याने यश लवकर मिळते, आणि तो आत्मविश्वास दुसऱ्या भाषेतही कामी येतो.

घाई मात्र करू नये. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानानेही समजून वाचता येण्यासाठी तिसरीच्या अखेरपर्यंतची मुदत धरलेली आहे. तरीही काही महिन्यांच्या नियमित सरावानंतर ओळखीची अक्षरे रोज नव्याने विसरली जात असतील, किंवा मूल पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ धरत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. ते ठीक असतील, तर बालरोगतज्ज्ञांमार्फत अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणे-लिहिणे जड जाण्याच्या, तपासणीबद्दल विचारावे. जाताना मुलाची वही आणि कोणती अक्षरे व शब्द अडतात याची तारीखवार टिपलेली यादी बरोबर न्यावी.