पॅकेज इन्स्टॉल करायच्या आधी मी काय काय बघतो (नवीन डेव्हलपर्ससाठी)

नुकतेच जॉबला लागलेले ज्युनिअर्स नेहमी विचारतात की एखादं ओपन सोर्स पॅकेज घेण्यासारखं आहे की नाही हे ओळखायचं कसं, आणि बहुतेकांनी तोवर गिटहबचे स्टार्स बघून मनात ठरवूनच टाकलेलं असतं. स्टार्सवरून पॅकेज किती फेमस आहे एवढंच कळतं हो. २०१८ मध्ये एनपीएमवरचं (जावास्क्रिप्ट पॅकेजेस जिथून मिळतात ते) इव्हेंट-स्ट्रीम नावाचं पॅकेज चिक्कार डाउनलोड व्हायचं, मूळ मेंटेनरला, म्हणजे सांभाळणाऱ्या डेव्हलपरला, ते सांभाळायला वेळ नव्हता म्हणून त्याने मदत करतो म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या हातात दिलं, आणि त्या माणसाने बिटकॉइन वॉलेट फोडणारा कोड आत सरकवला.

म्हणून मी आधी माणसं बघतो. रिलीज कोण काढतं, एकटाच आहे का, नवीन माणसाला कधी ॲक्सेस मिळाला, पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये सुचवलेला बदल) दुसरं कोणी तपासतं का. एक्सझेडचं (लिनक्सवर सर्रास वापरलं जाणारं फाइल कॉम्प्रेस करायचं टूल) प्रकरण प्रत्येकाने नीट वाचाच. एकटा दमलेला मेंटेनर, त्याच्यावर मेलमधून सतत प्रेशर, आणि 'जिया टॅन' नावाने दोनेक वर्षं गुपचूप विश्वास कमावून आत शिरलेलं कोणीतरी. त्याने घातलेला बॅकडोअर (सिस्टिममध्ये शिरायचा चोरदरवाजा) चालू करणारी बिल्ड फाइल गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (सगळ्या फाइल्स एकत्र बांधलेलं गाठोडं) होती! आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरायचा सुरक्षित मार्ग) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असं खटकलं म्हणून ते सापडलं.

तेव्हापासून मी रेपो वाचून थांबत नाही. एनपीएम पॅक आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की इन्स्टॉल न करता टारबॉल खाली येतो, तो उघडायचा आणि पॅकेज डॉट जेसनमध्ये स्क्रिप्ट्स बघायच्या. प्रीइन्स्टॉल किंवा पोस्टइन्स्टॉल दिसलं तर ते काय चालवतंय ते पूर्ण वाचायचं, साध्या तारीख फॉरमॅट करणाऱ्या लायब्ररीला इन्स्टॉल होताना स्क्रिप्ट कशाला लागते?

ओपनएसएसएफ या ओपन सोर्स सिक्युरिटीवाल्या संस्थेचं स्कोअरकार्ड टूल चालवा, ते रेपो तपासून ० ते १० मार्क देतं, पण एकूण आकडा सोडा आणि एकेक चेक वाचा. मेंटेन्डचा चेक मुख्यतः मागच्या ९० दिवसांची हालचाल बघतो, त्यामुळे काम पूर्ण झालेली छोटी चांगली लायब्ररीसुद्धा तिथे मार खाते, उलट कोड रिव्ह्यू आणि डेंजरस वर्कफ्लो (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या कामांत धोकादायक काही आहे का) हे दोन मी कधीच सोडत नाही. जुन्या त्रुटींसाठी ओएसव्हीवर (ओपन सोर्समधल्या त्रुटींचा डेटाबेस) शोधा, त्रुटी कळल्यावर फिक्स किती दिवसात आला ते महत्त्वाचं. ते पॅकेज स्वतः ज्या पॅकेजेसवर चालतं त्या डिपेंडन्सीज, आणि त्यांच्याही डिपेंडन्सीज बघा.

घ्यायचं ठरलं तर लॉकफाइल (नेमकी व्हर्जन्स लिहिलेली फाइल) कमिट करा, सीआयमध्ये (कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट होतो तिथे) लॉकफाइलमधलीच व्हर्जन्स बसवणारी एनपीएम सीआय कमांड वापरा, आणि आज निघालेलं व्हर्जन आजच ओढू नका. एक्सझेड ५.६.० फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं आणि मार्चअखेर पकडलं गेलं, डेबियन या लिनक्सच्या स्टेबल आवृत्तीपर्यंत ते पोचलंच नव्हतं. मात्र सिक्युरिटी पॅच असेल तर थांबायचं नाही, डिसेंबर २०२१ च्या लॉग४जे या जावा लायब्ररीतल्या त्रुटीसारखं काही आलं तर त्याच दिवशी अपडेट करायचं.