एकट्याने व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: या चुका टाळा, आणि सुरुवात परतीच्या तिकिटापासून करा

व्हॅली ऑफ फ्लॉवर्स म्हणजे उत्तराखंडातली फुलांची दरी, आणि तिच्या वाटेवर ऋषिकेश ते जोशीमठ साधारण २५० किलोमीटर. फोनवरचा नकाशा आठ-नऊ तास दाखवतो आणि एकट्याने निघालेल्यांचा निम्मा घोळ तिथेच सुरू होतो. पुणे-कोल्हापूर एवढंच तर अंतर आहे, असं मनात येतं आणि माणूस गुरुवारी रात्री निघून सोमवारी रात्री घरी परतायचं तिकीट काढून मोकळा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्या रस्त्यावर नकाशाचं काही चालत नाही, दरडीचं चालतं.

पुण्याच्या एका मुलाचा आराखडा पाहा. असे आराखडे दर पावसाळ्यात दिसतात. गुरुवारी विमानाने दिल्ली, रात्रीच्या बसने ऋषिकेश, शुक्रवारी दिवसभरात जोशीमठच्या पुढचं गोविंदघाट. शनिवारी सकाळी चढून घांगरिया, म्हणजे मुक्कामाचं शेवटचं गाव, आणि दुपारी लगेच व्हॅली. रविवारी पहाटे हेमकुंड, म्हणजे उंचावरचं सरोवर आणि तिथला गुरुद्वारा, संध्याकाळपर्यंत खाली गोविंदघाट. सोमवारी ऋषिकेश आणि रात्री दिल्लीहून परतीचं विमान. कागदावर एकही तास वाया जात नव्हता.

शुक्रवारी श्रीनगरच्या (काश्मीरचं नव्हे, उत्तराखंडातलं) पुढे सिरोबगडला दरड. गाडी चार तास जागेवर. पहाडात रात्रीची वाहतूक बंद असते, त्यामुळे पिपलकोटीत मुक्काम. शनिवारी गोविंदघाटला पोहोचेपर्यंत अकरा, जीप जिथवर जाते ते पुलना सोडेपर्यंत साडेबारा, घांगरियात पाय ठेवला तेव्हा संध्याकाळचे सहा. व्हॅलीचं गेट कधीच बंद झालेलं. रविवारी हेमकुंड की व्हॅली, यात त्याने हेमकुंड निवडलं. आठला निघाला, एकला वर पोहोचला, सरोवरावर धुकं आणि डोक्यात घण. सोमवारी तो घांगरियाहून खाली उतरत असताना त्याला ऋषिकेशच्या बसमध्ये असायला हवं होतं. विमान गेलं, नवं तिकीट दुप्पट भावात घ्यावं लागलं. आणि ज्या फुलांसाठी एवढं केलं, त्या व्हॅलीचं गेट त्याच्या खोलीपासून किलोमीटरभरही नव्हतं. ते त्याने बाहेरूनसुद्धा पाहिलं नाही.

यात त्याच्या पायांचा काही दोष नाही. आराखड्यात मोकळा दिवसच नव्हता.

दरडीचं गणित समजून घ्या. रस्ता कापलेल्या डोंगरात पाणी मुरतं, रात्रभर पाऊस झाला की पहाटेपर्यंत कुठेतरी माती-दगड खाली येतात. जेसीबी कामाला लागतात ते उजाडल्यावर. किरकोळ दरड दोन-तीन तासांत निघते, मोठी निघायला अख्खा दिवसही जातो. सिरोबगड, चमोलीजवळचा टापू, पिपलकोटी ते जोशीमठ हे नेहमीचे अडथळे. म्हणून हरिद्वार किंवा ऋषिकेशहून पहाटे चार-पाचच्या सुमाराला सुटणारी पहिली बस पकडायची. बद्रीनाथची बस गोविंदघाटवरूनच जाते, तिथेच उतरता येतं. सकाळी आठची आरामशीर टॅक्सी घेणारे रात्री अंधारात वाटेतल्या गावात खोली शोधत फिरतात. रस्ता ‘उघडेल दहा मिनिटांत’ असं कुणी सांगितलं तर चहा घ्या, भरवसा ठेवू नका. पिशवीत दोन लिटर पाणी, शेंगदाण्याची चिक्की, चार-पाच लाडू आणि भरलेली पॉवर बँक असली की अडकलेले चार तास निघून जातात.

ऋषिकेश ते ऋषिकेश, हेमकुंड धरून, सात दिवस लागतात. पहिला दिवस प्रवास. दुसरा गोविंदघाटहून जीपने पुलना आणि तिथून चालत घांगरिया. तिसरा व्हॅली, चौथा हेमकुंड, पाचवा खाली उतरून जोशीमठ किंवा पिपलकोटी, सहावा ऋषिकेश. सातवा रिकामा, आणि तो शेवटीच ठेवायचा. जाताना दरड लागली तर आराखडा एक दिवस पुढे सरकतो आणि रिकामा दिवस भरतो, येताना लागली तरी तोच कामाला येतो. दोन्ही वेळा लागली नाही तर ऋषिकेशला गंगेकाठी बसा, कुणी नको म्हणत नाही. सहाच दिवस असतील तर हेमकुंड वगळा. पाच असतील तर कासला जा.

खोली घेतानाही हेच. तारीख एक दिवस पुढे ढकलून देईल असा हॉटेलवाला फोनवर बोलून निवडा. ॲपवरचं ‘पैसे परत नाहीत’वालं स्वस्त बुकिंग या रस्त्याला महागात पडतं. घांगरियात काहीच मिळालं नाही तर गुरुद्वारात सोय होते. तिथे डोकं झाकायचं, सकाळी अंथरूण घडी करून द्यायचं आणि निघताना जमेल ते दानपेटीत टाकायचं. फुकट खोली मिळाली म्हणून फुशारकी मारू नका.

विमानाने जाणाऱ्यांसाठी एक ओळ: जॉली ग्रँट विमानतळ देहरादूनचा म्हणून ओळखला जातो, पण तिथून ऋषिकेश वीसेक किलोमीटर आहे, देहरादून शहरात जाऊन उलटं येऊ नका.

‘पावसाची सवय आहे आम्हाला’

हे वाक्य बोलणारे हमखास आपल्याकडचे असतात. राजमाची, हरिश्चंद्रगड, अंधारबन भर पावसात केलेलं असतं आणि त्या जोरावर जीन्स, कॉटनचा टी-शर्ट आणि रस्त्यावरचा पन्नास रुपयांचा प्लास्टिकचा रेनकोट घेऊन मंडळी निघतात.

सह्याद्रीतला पाऊस कोमट असतो. लोणावळ्यात जुलैमध्ये २०-२२ अंशांत दिवसभर भिजलात तरी खाली येऊन कांदाभजी खाल्ली की विषय संपतो. घांगरिया ३,०४९ मीटरवर आहे. पावसाळी संध्याकाळी तिथे पारा दहा अंशांच्या खाली जातो. हेमकुंड ४,३०० मीटरच्या वर, आणि तिथे वारा असतो. चालताना अंग गरम राहतं, म्हणून ओला कॉटनचा शर्ट जाणवत नाही. थांबलात की पाच मिनिटांत दात वाजायला लागतात, कारण कॉटन पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी तुमच्या अंगाची उष्णता ओढत राहतं. बोटं सुन्न झाली, बोलणं अडखळायला लागलं, तर फोटो राहू द्या. आडोशाला जाऊन आधी ओले कपडे काढायचे, कोरडे घालायचे, मग गरम गोड चहा. ओल्यावरच जाकीट चढवणं हा सगळ्यात आवडता शॉर्टकट आणि सगळ्यात निरुपयोगी.

कपडे फार लागत नाहीत. पटकन वाळणारे दोन टी-शर्ट, तशाच दोन पँट, एक फ्लीस, एक चांगलं रेन जॅकेट, कानटोपी, हातमोजे. मोज्यांचे तीन जोड, त्यातला एक फक्त झोपताना घालायचा, तो काहीही झालं तरी बाहेर न्यायचा नाही. छत्री जंगलातल्या वाटेवर उत्तम, हेमकुंडच्या वाऱ्यात उलटी होते. सॅकवर रेन कव्हर असलं तरी पाठीकडून पाणी आत जातंच, म्हणून सॅकच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी उघडून त्यात सगळं भरायचं. सोबत दुसरी पिशवी ठेवा, पहिली फाटतेच. घांगरियात वीज दिवसभर असेलच असं नाही आणि कपडे तिथे वाळत नाहीत. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, झोपण्याआधी एकदा बदलायचे.

आणि नवे बूट घालून कुणी येऊ नये. निदान ४०-५० किलोमीटर चालून झालेले असावेत. सिंहगडाच्या पाच-सहा फेऱ्या करा, फोड यायचे ते घराजवळच येऊ देत.

कासच्या तारखा, कासच्या अपेक्षा

कासचा बहर ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरभर असतो, म्हणून बरेच जण तीच तारीख इकडेही लावतात. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स उघडी असते १ जून ते ३१ ऑक्टोबर, पण फुलं बघायची तर मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट. जूनमध्ये वाटेवर बर्फ आणि तुरळक फुलं, सप्टेंबरच्या मध्यापासून झाडं पिवळी पडायला लागतात. १५ ऑगस्टच्या जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा, घांगरियात पाय ठेवायला जागा नसते.

दुसरी गल्लत दिसण्याची. कासला फुलं घोट्याएवढी, म्हणून गालिचा दिसतो. इथे झाडं कमरेएवढी, तर कुठे डोक्याएवढी. ऑगस्टमध्ये जो गुलाबी पट्टा दिसतो तो आपल्या तेरड्याचाच हिमालयातला भाऊबंद, पण पुरुषभर उंचीचा. निळी पॉपी जुलैमध्ये असते, दगडांच्या आडोशाला एखाद-दुसरी. वाकून शोधली तर दिसते. इंटरनेटवरचे भडक रंगवलेले फोटो पाहून येणारे ‘एवढंच?’ म्हणून अर्ध्यातून परत फिरतात, याचं वाईट वाटायचंही आता बंद झालंय.

गेट

गेट सकाळी सातला उघडतं. दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि पाचपर्यंत बाहेर यावंच लागतं. आत मुक्काम चालत नाही. नाश्त्याला आलू पराठ्याची वाट बघत साडेनऊ करणाऱ्यांना काय मिळतं ते सांगतो. पहिले तीन-चार किलोमीटर जंगल, पुष्पावती नदीवरचा पूल आणि मग खडा चढ. फुलांचा मोकळा भाग त्यानंतर सुरू होतो. साडेनऊला निघालेला तिथे दुपारी पोहोचतो, तोवर ढग खाली उतरलेले असतात. त्यात भूक लागलेली, आत दुकान नाही. मग तो पहिल्याच पठारावर सेल्फी काढून फिरतो. १९३९ मध्ये इथे फुलं गोळा करताना कड्यावरून पडून गेलेल्या ब्रिटिश वनस्पती-अभ्यासक जोन मार्गारेट लेगची कबर आणखी आत आहे, आणि खरी दाट फुलं त्याच वाटेवर लागतात.

आदल्या संध्याकाळीच हॉटेलात पराठे सांगून ठेवा, पैसे देऊन ठेवा, साडेसहाला बांधून घ्या. सातला गेटवर. परतीची वेळ घड्याळावर पक्की करा: दीड वाजला की कुठेही असलात तरी मागे फिरायचं. आत घोडे-खेचरं चालत नाहीत, पाय मुरगळला तर कंडीवाला (पाठीवरच्या टोपलीत माणूस वाहून नेणारा) शोधत बसावं लागतं, आणि एकट्याला मदत मागायला मागून येणारा माणूस लागतो. दुपारी उशिरा मागून कुणीच येत नाही. व्हॅलीत जायचा परवाना साधारण तीन दिवस चालतो, तो जपून ठेवा, पाऊस झाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येतं.

पायवाट सोडून फुलांत शिरू नका. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर इथली गुरंसुद्धा बंद केली, तुमचे बूट त्याहून जड आहेत.

हेमकुंड दुसऱ्या दिवशी

घांगरियाहून सहा किलोमीटरमध्ये जवळजवळ १,२५० मीटर चढ. सिंहगडाच्या पायथ्यापासूनच्या चढाची दुपटीहून जास्त उंची, ती पण विरळ हवेत. म्हणून आधी व्हॅली, त्या दिवशी शरीर ३,५०० च्या आसपास फिरून येतं, मग हेमकुंड. पहाटे पाचला निघायचं, हळू चालायचं, बोलता बोलता धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. शेवटी दगडी पायऱ्यांची जवळची वाट लागते. तरुण मंडळी हटकून तीच धरतात आणि मधेच बसलेली दिसतात. वळणांची वाट लांब असली तरी ती आधी पोहोचवते.

डोकं दुखलं तर थांबा, पाणी प्या. उलटी झाली किंवा पाऊल सरळ रेषेत पडेना, तर उतरायचं, लगेच, दर्शन राहिलं तरी. वर मुक्कामाची सोय नाही आणि दुपारी दोनच्या सुमाराला सगळ्यांना खाली पाठवतात. लंगरमधली खिचडी आणि चहा मात्र सोडू नका. घोडा केला तर कमीपणा नाही, पण तो चढायलाच करा. उतरताना ओल्या दगडांवर घोड्यावर बसण्यापेक्षा काठी बरी. काठी गोविंदघाटला मिळते, घ्याच. गुडघे शेवटच्या दिवशी, घांगरियाहून उतरताना बोलतात.

उरलेल्या, एकेका ओळीच्या

रोकड जोशीमठलाच काढा, घांगरियात एटीएमच्या आशेवर जाऊ नका.

आधार कार्डाची छापील प्रत ठेवा, फोन भिजला की डिजिटल प्रत गेली. हेमकुंडला जायचं तर उत्तराखंड सरकारची यात्रा नोंदणी घरूनच करून निघा.

जास्तीचं सामान गोविंदघाटला गठरीघरात ठेवा. एकट्याच्या पाठीवर सात किलोंच्या वर काही नको.

पुलनाहून दुपारी बारानंतर चढायला सुरुवात करू नका. वाटेतल्या भ्यूंडार गावाच्या पुलानंतरचा शेवटचा टप्पा सगळ्यात खडा आहे, तो अंधारात नको.

डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, मित्राने सांगितलं म्हणून घेऊ नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा.

रोज निघताना हॉटेलवाल्याला कुठे चाललात आणि किती वाजता याल ते सांगा, आणि परतल्यावर त्याला तोंड दाखवा. दुसरं बहुतेक जण विसरतात, आणि तो बिचारा रात्री आठला विजेरी घेऊन वाटेकडे बघत उभा असतो.